आधी गवत येऊ दे

बेटा,

तुझे फोटो तीन-तीनदा पाहिले. ती खदान मला माहितीये, चौपदरीकरणाच्या वेळी तिथूनच मुरूम गेला, रात्रभर डंपर चालायचे. आता ग्रामसभेने जागा तुमच्या ग्रुपला दिली आणि तू विचारतेस, नाना जुलैत कोणती रोपं लावू, किती मागवू. तर यंदा एकही रोप लावू नको.

मी पण एकदा अशीच घाई केलीये. एका ऑफिसचं टार्गेट होतं, नर्सरीत जे होतं ते आणलं, गुलमोहर, गिरिपुष्प, सुबाभूळ, खड्डे घेतले, फोटो काढले. आपल्या धुळ्याकडे पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, आणि मे महिन्यात त्या उघड्या काळ्या दगडावर हात ठेववत नाही. वर्षभरात गुलमोहर वाळले, सुबाभूळ तेवढी जगली ती अजून पसरतेच आहे, आता काढायला गेलं तरी बुंध्यातून परत फुटते. तिकडून जाताना आजही वाईट वाटतं. तेव्हा तिथं मेंढ्या घेऊन आलेले एक ठेलारी बाबा म्हणाले होते, "भाऊ, हाई जागा गवतनी शे." मी ऐकलं नाही, हसून सोडून दिलं.

ते बाबा बरोबर होते. 8 जानेवारी 2020 ला सुप्रीम कोर्टानेही केंद्र सरकारला सांगितलं की खाणकाम झालेल्या जमिनीवर परत गवत लावायची अट लीजमध्ये घाला, तिथं चारा आणि झाडोरा परत येईल अशी जमीन करून द्या. तुला कुणी म्हणालं नुसतं गवत काय लावते, तर हे सांगायचं.

यंदाचा पाऊस तू फक्त बघ. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशी जा, पाणी कुठं साचलं, कुठून पळालं, कुठला कोपरा चार दिवस ओला राहिला ते चुन्याने मार्क कर. खदानीचा तळ डंपरच्या चाकांनी सिमेंटसारखा दाबला गेलाय, त्यात पाणीच मुरत नाही, मुळं कुठून जाणार. म्हणून पुढच्या एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी ठणठणीत असताना, रिपर, म्हणजे जमीन खोल फाडणारा दाता, मशीनला लावून उताराला आडवं फाडून घ्यायचं. ओल्यात केलं तर आणखी दाबलं जातं, ड्रायव्हर घाई करेल पण तू ऐकू नको.

आणि शेजारच्या गटात अजून खोदकाम चालूये ना? त्यांना जाऊन भेट, वरची अर्धा फूट माती वेगळी काढून द्या म्हणावं. तिच्यात गवताचं बी आहे, मुळांना मदत करणारी बुरशी आहे, ते कुठल्या नर्सरीत मिळत नाही. फक्त तिचा मोठा ढीग करून वर्षानुवर्षं ठेवायचा नाही, आत दबून सगळं मरतं, आली की पसरायची.

बी आपल्याच माळावरचं घे, कुसळी, पवन्या, मारवेल. कुसळीचं बी बघितलंस का नीट? त्याचं लांब कूस ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो, आणि असं फिरत फिरत बी स्वतःच जमिनीत घुसतं. नांगर, पाभर काही लागत नाही. बी वेगळं करत बसायचीही गरज नाही, बी धरलेलं गवत कापून वाळवून ठेव आणि जूनच्या तोंडावर फाडलेल्या जमिनीवर तसंच पसर, उन्हापासून झाकण पण होतं. कडेने तरवड पेर, शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत.

झाडं दोन-तीन वर्षांनी, ती पण थोडी. अंजन आपलं झाड आहे, शेंगा पिकतात एप्रिल-मेमध्ये, दरवर्षी भरपूर धरत नाही म्हणून धरलं त्या वर्षी गोळा करून ठेवायचं आणि बी जागेवरच लावायचं. पिशवीत जास्त दिवस ठेवलं तर मूळ गोल फिरतं. पहिली काही वर्षं ते वर वाढलेलं दिसणारच नाही कारण सगळा जोर खाली मुळाला चाललेला असतो, तुम्ही मेलं समजून उपटू नका प्लीज.

जोधपूरला किल्ल्याखाली राव जोधा पार्क आहे, तिथं 2006 पासून वेडी बाभूळ काढून मूळची वाळवंटी झाडं आणली. ते जमलं खांडवालिया लोकांमुळे, खाणीत दगड फोडणारी माणसं, हातोडा मारून नुसत्या आवाजावरून दगडातली चीर ओळखणारी. तुझ्या गावात वडार वस्ती आहे. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना मजुरी देऊन, मानाने बोलावून, सोबत घेऊन फिर, चीर जिथं तिथंच अंजन लाव.

उभ्या कड्याला हात लावू नको, घुबडं बसतात तिथं, फक्त वरून कुंपण कर, पोरं पडायला नको.

राहिली चराई. ठेलारी येतात त्यांना आधी भेट, भांडून बंदी टिकत नाही. दिवाळीनंतर गवत कापून न्यायचा हक्क गावाला दे, गुरं आत नाही. साक्रीकडच्या बारीपाड्याला एकदा जाऊन ये, चैत्राम पवारांच्या गावाला, त्यांना 2025 ला पद्मश्री मिळाली. गावाने स्वतः नियम करून जंगल राखलंय. तिथल्या बायकांशी बोल, दंड कसा ठरवला ते विचार.

बियांसाठी दिवाळीनंतर लळिंगच्या कुरणाकडे जाऊ, मी येतो. वनखात्याकडे परवानगीचा अर्ज आत्ताच टाकून ठेव, वेळ लागतो. पोती सुती आण, प्लास्टिकच्यात बी घामेजतं.

— नाना