पिकअपवर ठेवलेल्या कॅम्परचं वायरिंग: अर्थ बॉडीला द्यायचा का?

तुम्ही विचारलंय की इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे राहायची खोली, करून घेतलाय, त्याचे मागचे लाइट आणि आतली बॅटरी गाडीला कशी जोडायची, आणि अर्थ, म्हणजे करंट परत बॅटरीच्या मायनसला जायची वाट, वेगळी वायर न ओढता गाडीच्या लोखंडी बॉडीलाच दिला तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. निदान समुद्राजवळ राहत असाल तर अजिबात नाही.

मी मालवणात होड्यांचं वायरिंग करतो. फायबरच्या होडीला बॉडी अर्थ हा प्रकारच नसतो. प्रत्येक दिव्याला प्लसची एक आणि मायनसची एक अशा दोन वायरी ओढाव्या लागतात. गाड्यांच्या मेकॅनिकना हा फुकटचा खर्च वाटतो, आणि त्यात पहिला नंबर आमच्या भावोजींचा. त्यांचं स्वतःचं गॅरेज आहे.

माझ्या आतेभावाने पर्यटकांसाठी बोलेरो पिकअपवर असाच एक कॅम्पर बसवला. वायरिंग अर्थातच भावोजींकडे. त्यांनी सगळ्या लाइटचा अर्थ कॅम्परच्या लोखंडी सांगाड्याला दिला आणि सांगाडा चार बोल्टांनी हौद्यावर आवळला. मी तेव्हाच म्हटलं, मायनसची एक वायर सरळ बॅटरीपर्यंत न्या. त्यावर हसून म्हणाले, "गाडी म्हंजे होडी न्हय रे!" सगळे हसले. मी चहा पिऊन घरी आलो.

गाडी उभी असायची देवबागला. म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. उन्हाळाभर काही झालं नाही. पाऊस लागला आणि आंबोली घाटात, समोरचं दिसत नाही अशा धुक्यात, ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मंद पेटायला लागले आणि इंडिकेटर दिला की पार्किंग लाइट त्याच्याबरोबर उघडझाप करायला लागला. मागच्या एसटीवाल्याने पुढे घालून गाडी थांबवली आणि आतेभावाला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

भावोजींनी बल्ब बदलले, इंडिकेटर उघडझाप करणारा फ्लॅशर बदलला, स्टिअरिंगखालचा स्विचसुद्धा उघडला. मी गेलो आणि एक जाड वायर सांगाड्यावरून बॅटरीच्या मायनसला धरली. सगळे लाइट लख्ख. बोल्टखाली रंग होता आणि रंगाखाली गंज धरलेला, त्यामुळे करंटला परत जायला वाट नव्हती. मग तो दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा शिरून वाट काढतो आणि भलतेच दिवे पेटतात. ही खूण ज्याला माहीत आहे तो बल्ब बदलत बसत नाही. भावोजी अजून म्हणतात की बोल्ट सैल होता. तो बोल्ट मी सोडवलाय, पान्याला पाइप घालावा लागला होता.

आता तुमच्या गाडीचं. गाडी आणि कॅम्पर जोडणाऱ्या सॉकेटचं यूट्यूबवरचं अमेरिकन सात पिनांचं डायग्रॅम डोळे झाकून उतरवू नका. तिकडे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरवर असतात, आपल्याकडे इंडिकेटर पिवळा आणि वेगळा. त्यांची ट्रेलर-ब्रेकची पिनही तुमच्या कामाची नाही, कॅम्परला चाकं कुठे आहेत? युरोपियन पद्धतीचा गोल सात पिनी सॉकेट घ्या. त्यात 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 6 ब्रेक, 5 आणि 7 पार्किंग, 2 फॉग आणि 3 अर्थ. ट्रॅक्टर-ट्रॉलीचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा.

मागच्या लाइटची वायर सोलून टेप मारलेला जॉइंट आमच्या हवेत टिकत नाही, आतली तार हिरवी होऊन भुसभुशीत होते. कथिलाचा मुलामा असलेली तार, नीट दाबलेले लग (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी), एवढं तरी वापरा. नव्या गाड्यांत लाइट कॉम्प्युटरवर चालतात, म्हणून मूळ वायरीतून फक्त इशारा घ्या आणि कॅम्परच्या दिव्यांना करंट वेगळ्या फ्यूजमधून, रिलेमार्फत, म्हणजे छोट्या करंटने चालणाऱ्या स्विचमधून, द्या.

बॅटरी चार्जिंग त्या सॉकेटमधून करू नका. पुढच्या बॅटरीपासून मागेपर्यंत 6 मीटर धरा, जाऊन येऊन 12. 2.5 स्क्वेअर एमएमच्या वायरीतून 20 अँपिअर नेले तर दीड व्होल्टच्या वर वाटेतच जातो. अल्टरनेटरचे 14.2 मागे साडेबारा होऊन पोचतात आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. 16 स्क्वेअर एमएमला तेच नुकसान पाव व्होल्टच्या आसपास. प्लस आणि मायनस दोन्ही त्याच जाडीच्या, दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज, जोडायला मोठा अँडरसन प्लग, म्हणजे जाड वायरींचा जास्त करंट झेलणारा प्लग. नुसता रिले जुन्या गाडीला पुरायचा. आता काही गाड्यांत अल्टरनेटर मध्येच व्होल्टेज उतरवतो, आणि आत लिथियम बॅटरी असेल तर ती हावरटासारखा करंट ओढून अल्टरनेटर तापवते. दोन्हींवर डीसी-डीसी चार्जर हाच उपाय, तो येणारं व्होल्टेज कमीजास्त झालं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढंच देतो. महाग आहे, माहीत आहे.

गाडी वॉरंटीत असेल तर हार्नेसला, म्हणजे गाडीच्या मूळ वायरिंगला, हात लावण्याआधी शोरूमला विचारा. कॅम्पर कायमचा बसवणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दलच आहे.

आणि तुमचा मेकॅनिक "बोल्ट पुरतो" म्हणाला तर वाद घालू नका. सगळे लाइट लावून ब्रेक दाबायला सांगा, मीटरचं एक टोक कॅम्परच्या होल्डरच्या अर्थला आणि दुसरं पुढच्या बॅटरीच्या मायनसला धरा. 0.2 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. पैसे द्यायच्या आधी हे त्याच्याच मीटरने करून घ्या, माझ्या मीटरला भावोजी अजून चायनाचं म्हणतात.