भीतीचा पत्ता

"घरी सगळं येतं हो. तिथे गेला की काय होतं, कोण जाणे."

सावंतवाडीत मी समुपदेशनाचं काम सुरू केलं त्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या काळात हे वाक्य मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेबद्दल ऐकलं, कबड्डीच्या निवड चाचणीबद्दल ऐकलं, बुद्धिबळाबद्दल ऐकलं. एकदा तर डबलबारीत, म्हणजे भजनाच्या जुगलबंदीत, उभ्या राहणाऱ्या भजनीबुवांबद्दल त्यांच्या बायकोकडून ऐकलं. पुढची मागणीही ठरलेली: "ती भीती तेवढी घालवा." जणू भीती म्हणजे पायात रुतलेला काटा, चिमट्याने धरला की बाहेर.

गेल्या मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते आहे, नावही सांगत नाही. वडील त्याला 'झील' म्हणत, मालवणीत झील म्हणजे मुलगा, आपणही तेच म्हणू.

"घराकडे सगळ्यांका हरयता," वडील म्हणाले, "आणि मुंबयचा नाव काढला काय हेच्या पोटात दुखता. आदल्या रात्री ओकता."

खेळ कसला, तर पोकेमॉनच्या पत्त्यांचा. हा पत्त्यांचा खेळ जपानात १९९६ मध्ये सुरू झाला. प्रत्येक खेळाडू स्वतःचा साठ पत्त्यांचा डेक बांधून आणतो. सुरुवातीला सात पत्ते हातात घ्यायचे आणि सहा पत्ते उपडे बाजूला ठेवायचे, ती बक्षिसं. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की त्यातलं एक उचलायचं. सहाही ज्याने आधी उचलली तो जिंकला. झील फोनवरच्या अ‍ॅपवर रोज खेळायचा, सुट्टीत आतेबहिणीला बसवून खऱ्या पत्त्यांनी खेळायचा, आणि आदल्या वर्षी जुलैत मुंबईतल्या एका विभागीय स्पर्धेला जाऊन आला होता. तिथून हे दुखणं सुरू झालं.

वडिलांचा मूळ आक्षेप 'पत्ते' या शब्दालाच होता. मी त्यांना म्हटलं, "आपल्या सावंतवाडीचं नाव गंजिफ्यासाठीच आहे की. दहा अवतारांचे एकशेवीस गोल पत्ते, राजवाड्यात अजून हाताने रंगवतात." ते म्हणाले, "ते देवाचे." यावर काय बोलणार! गणपतीतल्या जागरणाला हेच गृहस्थ पहाटेपर्यंत मेंढीकोट खेळत असणार, हे मला ठाऊक होतं, पण ते मी पुढच्या भेटींसाठी राखून ठेवलं. झिलाचे कान मात्र टवकारले. गंजिफ्यात अर्ध्या अवतारांत पानांचा क्रम उलटा असतो, राजा-प्रधानानंतर एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान, हे सांगितल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "म्हणजे ताकद पानात नाही, कुठल्या रंगात आहे त्यात." मला तेव्हाच कळलं, डोकं तल्लख आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती पालक हमखास विचारतात. या खेळात पैसे उधळले जातात का? बंद पाकिटं फोडत बसलं तर जातात. आत काय निघेल ते माहीत नसतं आणि 'अजून एकच' असं करत हात थांबत नाही, तिथे लक्ष ठेवायलाच हवं. स्पर्धेत खेळणारी शहाणी मुलं हवा तो पत्ता सुटा विकत घेतात. झील सुटे घ्यायचा, वहीत हिशेब ठेवायचा. तो विषय आमच्यापुरता संपला.

पहिले तीन आठवडे मी चुकले. श्वासाचे व्यायाम दिले, स्पर्धेचं दालन डोळ्यांसमोर आणायला लावलं, हात थरथरले तर काय करायचं ते शिकवलं. चौथ्या भेटीत तो प्रामाणिकपणे म्हणाला, "श्वास घेतला. मग ओकलो."

तेव्हा मी माझी जुनी युक्ती काढली. मुलांना मी वाईट दिवस शेवटाकडून सांगायला लावते. पहिल्यापासून सांगताना मुलं पाठ केलेली गोष्ट सांगतात, ती आईला सांगून, मित्रांना सांगून गुळगुळीत झालेली असते. उलटं सांगताना अडखळतात, आणि जिथे अडखळतात तिथे थांबायचं. हे मला कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलेलं नाही.

"कुडाळला उतरलो. रिक्षा केली. आई दारात होती."

"त्याच्या आधी?"

"मांडवी एक्सप्रेस."

"गाडीत काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

त्याने खिशातून एक पत्ता काढला, प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घातलेला, आणि त्याची कड अंगठ्याने वर-खाली घासत बसला. स्लीव्हचा तेवढाच कोपरा पांढुरका झाला होता. बऱ्याच वेळाने बोलला. बाबांनी चिपळूणला दोन वडापाव घेतले, एक त्याच्यापुढे ठेवला. मग खिडकीबाहेर बघत राहिले. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागला. तो साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, त्यामुळे तो संपता संपत नाही. बाहेर काळोख झाला की खिडकीच्या काचेचा आरसा होतो. त्या काचेत त्याला बाबांचा चेहरा दिसला आणि बाबा म्हणाले, "ह्याच्यासाठी इलंव?" याच्यासाठी आलो का आपण?

संपूर्ण प्रवासात तेवढंच.

स्पर्धेत काय झालं ते मी त्यानंतर विचारलं. पहिल्या फेरीत सुरुवातीच्या सात पत्त्यांत एकही बेसिक पोकेमॉन, म्हणजे ज्याने डाव सुरू करता येतो असा पत्ता, आला नाही. असं झालं की हात उघडा करून दाखवायचा, पुन्हा पिसायचं, आणि समोरच्याला एक पत्ता जास्त मिळतो. लागोपाठ दोनदा तसंच झालं. तो हरला, दुसरी फेरीही हरला आणि स्पर्धेतून नाव काढून घेतलं. काढायची गरज नव्हती. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात, बुद्धिबळात ती १८९५ मध्ये झुरिकला पहिल्यांदा वापरली गेली. एका पराभवाने कुणी बाहेर जात नाही, पुढच्या फेरीत आपल्याइतकेच गुण असलेला खेळाडू समोर येतो. झिलाला हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"मग नाव का काढलंस?"

"बाबा बाहेर बसले होते. ते एवढ्या लांब आले म्हणजे मी जिंकायलाच पाहिजे होतं. मी हरत बसलो तर ते किती वेळ बसणार?"

आपण सगळेच भीतीचा पत्ता चुकीच्या घरी शोधत होतो. वडील म्हणत होते मुंबईची भीती, मी म्हणत होते टेबलावरची भीती. मुलगा घाबरत होता परतीच्या गाडीला.

'जिंकायला पाहिजे' आणि 'जिंकायलाच पाहिजे' यांत एका 'च'चा फरक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून ज्या विचारपद्धतीची मांडणी केली, तिला मी इतकी वर्षं धरून आहे. तिचा निम्मा गाभा या एका अक्षरात मावतो, असं मी गमतीने म्हणते. मराठी माणसाला इंग्रजी पुस्तकापेक्षा हे लवकर कळतं. इच्छा असणं चांगलं, ती माणसाला सरावाला बसवते. तिला 'च' लागला की मात्र पोटात कळ येते.

पण 'च' नुसता सांगून निघत नाही. म्हणून आम्ही पत्तेच पिसले. झिलाच्या डेकमध्ये साठांत आठ बेसिक होते. माझ्या टेबलावर त्याने वीस वेळा पिसून सात-सात पत्ते काढले, मी वहीत रेघा मारल्या. वीसपैकी सहा वेळा एकही बेसिक नाही. मग तो घरी जाऊन गणित करून आला: आठ बेसिक असतील तर शंभरात सुमारे ३५ वेळा असं होणारच. लागोपाठ दोनदा होणं म्हणजे साधारण आठात एकदा. "म्हणजे माझ्यावर काही कोपलं नव्हतं," तो म्हणाला. आणि मग, मी न सांगता: "दहा बेसिक ठेवले तर २६ होतं. ते माझ्या हातात आहे."

त्या दिवशी संध्याकाळी मी मोती तलावाला एक फेरी जास्त मारली.

वडिलांना मी जूनमध्ये बोलावलं. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, बोट वर ओढलेली, माणूस जरा मोकळा असतो. झिलालाही समोर बसवलं.

"जाळं रिकामं आलं तर खलाशांना बोलता का?" मी विचारलं.

"तेंका कित्याक? वारो बघलो, पाणी बघला, जागो बरोबर धरलो, मगे मासो नाय गावलो तर ता दर्याचा. जाळा फाटक्या आसला तर मात्र बोलतंय."

इथे मला वाटलं, झालं काम. मी उत्साहाने विचारलं, "मग झिलाचं जाळं फाटकं होतं का?"

ते सरळ म्हणाले, "माका खेळ कळणा नाय. फाटक्या काय धड, माका कसा कळतला?"

माझा नेमका बेत तिथेच पाण्यात गेला, आणि बरं झालं. कारण त्यानंतर मी गप्प बसले. समोरचा माणूस गप्प असताना आपणही गप्प राहायला मला दहा वर्षं लागली असतील. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. शेवटी मी बोगद्यातलं ते वाक्य काढलं.

तांडेल मुलाकडे न बघता म्हणाले, "ता मी तेका नाय बोललंय. माका बोललंय."

झिलाने मान वर केली.

"सकाळपासून भायर बसलंय. आत पोरगो रडता, माका दारातसून दिसता. आणि काय करूचा ता कळणा नाय. ह्याच्यासाठी इलंव? बापूस म्हणान मी काय केलंय थय?"

"मगे गप कित्याक बसल्यात?" झिलाचा आवाज चिरकला.

"काय बोलू?"

"कायव! डिझेलचो भाव सांगूचो व्हतो."

वडील आधी हसले, मग त्यांनी टोपी काढून डोळे पुसले. मी उठून चहा सांगायला बाहेर गेले, जरा जास्तच वेळ.

माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी आता भीतीबद्दल नंतर विचारते, आधी परतीच्या वाटेबद्दल विचारते. मूल परीक्षेतून, स्पर्धेतून बाहेर आलं की तुमचं पहिलं वाक्य काय असतं? बहुतेकांना आठवत नाही. मुलांना शब्दन् शब्द आठवतो. 'किती सुटलं?', 'काय झालं?', 'समोरचा कसा होता?' यांतलं काहीच वाईट नाही, पण ते पहिलं नको. पहिलं विचारावं, भूक लागली का. आणि गप्प बसायचं असेल तर मुलाला आधी सांगून गप्प बसावं, कारण आपल्या मौनाचा अर्थ मूल स्वतः लावतं आणि तो नेहमी स्वतःच्या विरोधात लावतं. 'हरलास तरी चालेल' हेही मला फारसं पटत नाही. मुलाला चालत नसतं, तो सहा महिने राबलेला असतो. त्याला हरण्याचं वाईट वाटू द्यावं. वाईट वाटणं आणि कोसळणं वेगळं, आणि वाईट वाटून घ्यायला जागा मिळाली की कोसळणं पुष्कळदा टळतं.

खेळ कळत नसेल तर तसं कबूल करून मुलाकडून शिकावा. वडील गुरू झाले की मुलाच्या खांद्यावर ओझं येतं, शिष्य झाले की उतरतं. हे मी ठामपणे सांगते, माझ्या काही सहकाऱ्यांना ते पटत नसलं तरी.

या बापलेकांनी परतीचा करार माझ्यासमोर केला. चिपळूणपर्यंत खेळाचा विषय कुणी काढायचा नाही. चिपळूणनंतर झिलाला वाटलं तर तो काढेल. आणि नाव मध्येच काढायचं नाही, शेवटची फेरी होईपर्यंत बसायचं, दोघांनीही.

जुलैत ते गेले. आदल्या रात्री झिलाच्या पोटात दुखलंच. ओकला नाही. सात फेऱ्यांत तीन जिंकल्या, चार हरला, वरच्या यादीत नाव कुठेच नव्हतं. एका फेरीत एक महत्त्वाचा पत्ता, डेकमध्ये त्याची एकच प्रत, सहा बक्षिसांत अडकून बसला. "दहात एकदा होतं ते," त्याने मला फोनवर सांगितलं, आवाजात चीड होती, पण ती त्या पत्त्यावरची होती.

मी गाडीचं विचारलं.

चिपळूण गेलं तरी तो काही बोलला नव्हता. करबुड्याच्या बोगद्यात काचेचा आरसा झाला तेव्हा बाबांनीच करार मोडला. "ता निळा पान काय करता रे?" मग आसनावर पत्ते मांडले गेले, समोरच्या बाकावरच्या एका आजींनी जागा करून दिली. बाबा रत्नागिरीपर्यंत दोनदा हरले. दुसऱ्यांदा पत्ते आपटून म्हणाले, "माका पानाच इली नाय!"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, बाबा, दर्याचा असा."