ब्रायन अ‍ॅडम्स आणि रश सोडून ऐंशीच्या दशकातली कॅनडाची कोणती गाणी ऐकावीत?

तुम्ही विचारलंय की ब्रायन अ‍ॅडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन' आपल्याकडे कॉलेजात गिटार धरणाऱ्या प्रत्येकाला येतं, पण त्या काळात कॅनडात आणखी कोण गात होतं, आणि त्यातलं आज ऐकण्याजोगं काय आहे. पुष्कळ आहे. माझ्या अतिशय आवडीचा विषय आहे हा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात पेओलाजच्या 'आइज ऑफ अ स्ट्रेंजर'ने (१९८२) करा. बँड व्हँकुव्हरचा. ठेका रेगेचा, गिटार मोजकी, आणि पॉल हाइडच्या आवाजात एक अस्वस्थ कंप. त्यामुळे वरवर प्रेमगीत वाटणारं हे गाणं हळूहळू भीतीदायक होत जातं. निर्माता होता मिक रॉन्सन, म्हणजे ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा सत्तरच्या दशकातला गिटारवादक. १९८३ साली या गाण्याला सर्वोत्कृष्ट सिंगलचा (म्हणजे सुट्या गाण्याच्या रेकॉर्डचा) जूनो हा कॅनडाचा संगीत पुरस्कार मिळाला. बँडचा गिटारवादक बॉब रॉक पुढे निर्माता झाला आणि १९९१ मधला मेटालिका या हेवी मेटल बँडचा तो काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम त्यानेच केला. तो अल्बम जगाने डोक्यावर घेतला, पण त्याच माणसाच्या स्वतःच्या बँडचं सर्वांत चांगलं गाणं मात्र कॅनडाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.

असं का झालं, हे समजून घेतलं की बाकीची गाणी शोधणंही सोपं जातं. १९७१ पासून कॅनडात नियम होता की एएम रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांपैकी किमान ३० टक्के गाणी कॅनेडियन असली पाहिजेत. संगीत, कलाकार, ध्वनिमुद्रण आणि शब्द या चारांपैकी दोन गोष्टी देशी असल्या की गाणं साधारणपणे कॅनेडियन धरलं जाई. काही स्टेशनं ही गाणी रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे वाजवून कोटा उरकत. तरीही एकूण फायदाच झाला, असं माझं ठाम मत आहे. शेजारी अमेरिकेसारखा बाजार असताना या नियमाशिवाय यातल्या निम्म्या बँडना दुसरी रेकॉर्ड काढता आली नसती. पण नियम सीमेपर्यंतच. पलीकडच्या स्टेशनांवर ही गाणी वाजवण्याचं कुणावर बंधन नव्हतं. म्हणून तुम्हाला जी गाणी 'अपरिचित' वाटतील, त्यातली बरीचशी टोरंटोतल्या पन्नाशी-साठीच्या माणसाला तोंडपाठ असतात.

आता माझा सगळ्यांत लाडका भाग. टोरंटोजवळच्या हॅमिल्टन या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात डॅनियल लानवा आणि त्याचा भाऊ बॉब यांनी ग्रँट अ‍ॅव्हेन्यू स्टुडिओ उभारला होता. डॅनियल हाच पुढे ब्रायन ईनोबरोबर यूटू या आयरिश बँडचा 'द जोशुआ ट्री' (१९८७) करणारा निर्माता. त्याआधी तो टोरंटोच्या बँडबरोबर काम करत होता, आणि हे काम नीट ऐकलं पाहिजे. मार्था अँड द मफिन्सचं 'एको बीच' (१९८०) कदाचित तुमच्या कानावर आलं असेल, कारण ते ब्रिटनमध्ये पहिल्या दहात पोचलं होतं. पण लानवाबरोबर केलेलं १९८१ चं 'विमेन अराउंड द वर्ल्ड अ‍ॅट वर्क' मला त्याहून सरस वाटतं. बास गिटार वाजवणारी जोसलिन ही डॅनियलची बहीण. तिचा बास, मधेच घुसणारा सॅक्सोफोन आणि सगळ्या वाद्यांभोवती सोडलेली मोकळी हवा, यूटूच्या रेकॉर्डवर नंतर जे ऐकून लोक थक्क झाले त्याची चाहूल मला इथे लागते. याच बँडने पुढे एम प्लस एम या नावाने 'ब्लॅक स्टेशन्स, व्हाइट स्टेशन्स' (१९८४) काढलं. रेडिओने गोऱ्यांचं संगीत आणि काळ्यांचं संगीत अशी जी फाळणी केली होती, तिच्यावरच हे गाणं आहे, आणि अमेरिकेच्या नृत्यसंगीताच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

लानवानेच पॅराशूट क्लबचं 'राइज अप' (१९८३) केलं. कॅरिबियन बेटांवरून आलेल्या लोकांनी टोरंटोचे कान कसे बदलले, ते यात ऐकू येतं. सोका या कॅरिबियन नृत्यसंगीताचा ठेका, भरपूर तालवाद्यं, लोरेन सेगाटोचा मोकळा, खणखणीत आवाज. स्त्रियांच्या आणि समलैंगिकांच्या हक्कांच्या मोर्चांमध्ये हे गाणं गायलं गेलं, आणि ते का हे पहिल्या मिनिटातच कळतं.

सिंथ (सिंथेसायझरचं संगीत) आवडत असेल तर बर्लिंग्टन गावच्या स्पून्सचं 'नोव्हा हार्ट' (१९८२) ऐका. थंड, संथ, आणि बोचरं. त्यांचंच 'रोमँटिक ट्रॅफिक' (१९८४) याच्या अगदी उलट हलकंफुलकं आहे. निर्माता नाइल रॉजर्स, ज्याने नुकतंच बोवीचं 'लेट्स डान्स' केलं होतं. व्हिडिओ टोरंटोच्या भुयारी रेल्वेत चित्रित झालाय. त्या काळचे डबे, फलाट, प्रवाशांचे कपडे पाहण्यासाठी तरी जरूर पाहा.

मॉन्ट्रियलच्या रॅशनल यूथचं 'सॅटर्डेज इन सायलेशिया' (१९८२) हे माझ्या मते या सगळ्यांत धाडसी. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला, आणि पुढच्याच वर्षी कॅनडातल्या काही पोरांनी पोलंडच्या कोळसापट्ट्यातल्या शनिवारच्या रात्रीवर नाचायचं गाणं केलं. यंत्रांच्या आवाजातून इतकी माणुसकी क्वचितच ऐकू येते.

गिटार हवी असेल तर फिफ्टी-फोर फॉर्टीचं 'आय गो ब्लाइंड' (१९८६). अमेरिकेत हे गाणं पोचलं ते दहा वर्षांनी, हूटी अँड द ब्लोफिश या अमेरिकन बँडच्या आवाजात. मूळ गाणं जास्त खरबरीत आहे आणि मला तेच पटतं. ब्रूस कॉकबर्नचं 'इफ आय हॅड अ रॉकेट लाँचर' (१९८४) मात्र सहज चालता-बोलता ऐकू नका. मेक्सिकोतल्या ग्वाटेमालन निर्वासितांच्या छावण्या पाहून आल्यावर त्याने ते लिहिलं. शांततावादी माणसाचा अनावर संताप आहे त्यात.

इंग्रजीबाहेरचं एक नाव सांगतो: काश्तिन. क्युबेकमधल्या मालिओतेनाम इथले दोघे जण, क्लोद मॅकेंझी आणि फ्लोरां व्होलां, आपल्या इन्नू या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत गायचे. काही हजार लोक बोलतात अशा भाषेतली त्यांची १९८९ ची गाणी फ्रेंच आणि इंग्रजी रेडिओवरही वाजली. 'ए उआसिउइआन' लावून बघा.

शोधताना एक काळजी घ्या. द पर्स्युट ऑफ हॅपिनेसच्या 'आय अ‍ॅम अ‍ॅन अ‍ॅडल्ट नाऊ'ची दोन ध्वनिमुद्रणं आहेत. १९८६ चं त्यांनी स्वतः काढलेलं, आणि १९८८ चं टॉड रंडग्रेनने निर्मिलेलं. दुसरं सहज सापडतं, पण पहिल्याचा स्वस्तात केलेला व्हिडिओही शोधा, कारण मचम्यूझिक या कॅनडाच्या संगीतवाहिनीवर तोच वाजला आणि बँडचं नाव झालं.