सरांबद्दल सीनियर्स दोन टोकाचं बोलतात, मग इकॉनॉमिक्स स्पेशल घ्यायचं की नाही?

तुझा प्रश्न वाचला. एफवाय झालंय, एसवायला इकॉनॉमिक्स स्पेशल, म्हणजे मुख्य विषय म्हणून घ्यायचंय, पण जे सर शिकवतात त्यांच्याबद्दल अर्धे सीनियर्स म्हणतात एक नंबर शिकवतात आणि अर्धे म्हणतात नोट्स देत नाहीत, पोर्शन संपवत नाहीत, त्यांच्या नादी लागू नको. मग ऐकायचं कुणाचं? तुझे सर मी बघितलेले नाहीत. पण अगदी अशाच सरांकडे मी दोन वर्षं शिकले आणि आमच्या बॅचमध्येही असेच दोन तट होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजची, पुणे विद्यापीठ, मराठी मीडियम. घरी कांदा. एफवायला आम्हाला मॅडम होत्या, त्या व्याख्या, वैशिष्ट्ये, गृहीतके, टीका असं सगळं ओळीने सांगायच्या आणि आम्ही उतरवून घ्यायचो, स्वल्पविरामासकट. पेपरला तेच यायचं आणि मार्क पण चांगले पडायचे. सगळ्या वर्गाला मॅडम आवडायच्या, मलाही आवडायच्या. एसवायला सर आले, हातात फक्त खडू. पुस्तक नाही, नोट्स नाहीत, पहिल्याच तासाला विचारलं काल कांद्याला काय भाव निघाला आणि का निघाला. भाव सगळ्यांना पाठ, पण "का" म्हटल्यावर वर्ग गप्प. पहिला महिनाभर आम्ही सगळे वैतागलेलो, कारण तास संपल्यावर वहीत बघावं तर दोन आकृत्या आणि चार शब्द.

मग ऑगस्ट २०२३ उजाडला. केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तुला आठवत असेल, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले होते. आमच्या कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, उन्हाळी कांदा पडून होता, खालचा थर सडायला लागलेला, घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. त्या आठवड्यात सर वर्गात आले, फळ्यावर मागणीचा वक्र (कुठल्या भावाला किती माल उठतो ती रेष) काढला, पुरवठ्याचा (कुठल्या भावाला किती माल विकायला येतो ती) काढला आणि म्हणाले, हे शुल्क लागलं, आता यातली कुठली रेष हलली ते सांगा. मी हात वर केला. तोपर्यंत कधीच केला नव्हता. म्हटलं, "सर, मागणी कमी झाली, म्हणजे मागणीचा संकोच." बरोबर की चूक ते त्यांनी सांगितलं नाही, खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले दाखव. मी फळ्यापाशी गेले, त्याच वक्रावर एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे बाण काढला. सर म्हणाले, "तू वक्रावरून वर सरकलीस, म्हणजे भाव वाढला म्हणून गिऱ्हाईक कमी घेतंय. तुझ्या मार्केटमध्ये भाव वाढलाय का?" नव्हता वाढला. उलट पडणार म्हणूनच सगळे घाबरले होते. मी तिथेच उभी, खडू हातात, आणि मग माझं मलाच दिसलं की बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक तुटलंय, म्हणजे त्याच भावाला आता कमी माल उठणार, म्हणजे अख्खा वक्रच डावीकडे सरकणार. मी दुसरी रेष काढली. सर म्हणाले, "हा ऱ्हास. संकोच वेगळा." बस, एवढंच.

विस्तार-संकोच (भाव बदलला म्हणून त्याच वक्रावर सरकणं) आणि वृद्धी-ऱ्हास (दुसऱ्या कारणाने अख्खा वक्रच सरकणं) यांतला फरक मी बारावीला पाठ केला होता, बोर्डात लिहिलाही होता, मार्क पण मिळाले होते. कळला त्या दिवशी.

त्याच तासाच्या शेवटी त्यांनी विचारलं, शुल्क सरकारला भरतो कोण? व्यापारी, एक्स्पोर्टर. मग बोजा कुणावर? तिथे कराघात आणि करभार हे दोन शब्द आले. कर ज्याच्याकडून वसूल होतो त्याच्यावर कराघात, आणि शेवटी ज्याच्या खिशातून जातो त्याच्यावर करभार. ज्याला थांबता येत नाही त्याच्यावर जास्त पडतो, आणि चाळीत सडणारा कांदा घेऊन बसलेला माणूस किती दिवस थांबणार? मी घरी जाऊन पप्पांना हे जेवताना सांगितलं, ते म्हणाले हे तर आम्हाला माहितीच आहे, फक्त त्याला नाव असतं हे माहिती नव्हतं. पुढे डिसेंबरात निर्यातबंदीच आली तेव्हा मी पेपर वाचतानाच मनातल्या मनात आकृती काढत होते.

पण सरांच्या विरोधात बोलणारे खोटं बोलत होते असं अजिबात नाही. स्थूलचे (अख्ख्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा पेपर) शेवटचे दोन टॉपिक त्यांनी परीक्षेच्या तोंडावर जादा तास घेऊन कसेबसे उरकले, व्यापारचक्र, म्हणजे तेजी-मंदीचा फेरा, तर आम्ही गाईडमधूनच केलं. सिलॅबसबाहेरचं पण खूप शिकवायचे. एकदा पूर्ण तास कॉबवेबवर गेला, म्हणजे यंदा भाव चांगला मिळाला म्हणून सगळे पुढच्या वर्षी जास्त लावतात, माल आल्यावर भाव पडतो, मग सगळे कमी लावतात, परत भाव चढतो, आणि हे आकृतीत काढत गेलं की कोळ्याचं जाळं तयार होतं, मागणी कमी लवचिक (भाव बदलला तरी फारशी न हलणारी) आणि पुरवठा जास्त लवचिक असेल तर जाळं मोठंच होत जातं. मी तो तास आयुष्यात विसरणार नाही. पण माझ्या शेजारी बसणारी मुलगी जॉब करून शिकत होती, आठवड्यातून तीनच दिवस यायची, तिला पेपरपुरतं हवं होतं आणि तो तास तिच्यासाठी वाया गेला. तिचं मत वाईट असणार आणि तिच्या जागी ते बरोबरच आहे.

आणि एक गोष्ट मला आजही खटकते. माझ्या एका मैत्रिणीने सीमांत (शेवटच्या एका नगातून मिळणाऱ्या) आणि सरासरी उपयोगितेत, म्हणजे समाधानात, गोंधळ केला तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, बारावी कशी पास झालीस? वर्ग हसला. त्यानंतर ती पुढच्या बाकावर बसली नाही की वर्षभर तोंड उघडलं नाही. माझ्या चुकीला खडू मिळाला आणि तिच्या चुकीला टोमणा. ती सरांबद्दल चांगलं बोलत नाही आणि तिने बोलावं असं मी म्हणणारही नाही. प्रश्न विचारून शिकवणाऱ्या माणसाने चुकीचं उत्तर जपायलाच हवं, नाहीतर पुढच्या वेळी उत्तरच येत नाही. तुझ्या सरांबद्दल हे नक्की विचारून घे, नोट्स देतात का यापेक्षा हे महत्त्वाचं आहे.

आता मतांवर किती विश्वास ठेवायचा. कॉलेजमध्ये आमच्याकडून फीडबॅकचा फॉर्म भरून घ्यायचे, सगळ्यांना लिंक यायची आणि सगळे न वाचता "अति उत्तम" वर टिक करून मोकळे व्हायचे, त्यात काही कळत नाही. पण एमएला आल्यावर मी एका अभ्यासाबद्दल वाचलं, २०१० सालचा, कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांचा. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कुठला विद्यार्थी कुठल्या प्राध्यापकाकडे जाणार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, त्यामुळे हुशार मुलं एकाच सरांकडे जमा झाली असं होत नाही. त्यांना दिसलं की ज्या प्राध्यापकांच्या मुलांना त्याच कोर्समध्ये चांगले मार्क पडले त्यांना मुलांनी रेटिंगही चांगलं दिलं, पण गणिताच्या पुढच्या, अवघड कोर्सला गेल्यावर तीच मुलं तुलनेने मागे पडली. म्हणजे त्या वर्षी सोपं वाटणं आणि पुढे टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर आमचे दोन्ही वर्ग आले, मॅडमचा आणि सरांचा. मॅडमनी वाईट शिकवलं असं मला म्हणायचं नाही, त्यांच्या नोट्सवर कितीतरी जण ग्रॅज्युएट झाले ज्यांच्या घरात आधी कुणीच नव्हतं. पण एमएच्या पहिल्या सेमिस्टरला समवृत्ती वक्राची (दोन वस्तूंच्या सारखंच समाधान देणाऱ्या जोड्यांची रेष) गणितं आली तेव्हा मी सरांच्या दोन आकृत्या आणि चार शब्दांवर तरले, पाठ केलेलं सगळं कधीच उडून गेलं होतं.

म्हणून सीनियरला "सर कसे आहेत" असं विचारू नको. त्याने उत्तर काय द्यायचं, चांगले नाहीतर वाईट. त्यापेक्षा विचार की सरांनी शिकवलेला कुठला टॉपिक तुला आत्ता पुस्तक न बघता मला समजावून देता येईल? आणि समजावायला लाव खरंच, कॅन्टीनमध्ये, टिश्यूवर आकृती काढून. ज्याला येतं त्याचं मत जास्त धर. आणि जो पास होऊन दोन वर्षं झालीत त्याला विचार, ज्याचा कालच पेपर अवघड गेलाय त्याला नको. शक्य असेल तर परवानगी काढून एसवायच्या एका तासाला मागे जाऊन बस. तिथे सरांकडे कमी बघ, चुकीचं उत्तर दिलेल्या मुलाकडे बघ, तो नंतर परत हात वर करतो का.

तुझं टार्गेट फक्त डिग्री असेल आणि सोबत जॉब असेल तर असे सर जड जातील, तेव्हा दुसरा विषय घेतलास तरी काही बिघडत नाही, मनाला लावून घेऊ नको. पण पुढे एमए करायचंय, किंवा स्पर्धा परीक्षेचा विचार आहे, किंवा घरी शेती आहे आणि बाजारात आपलं असं का होतं हे समजून घ्यायचंय, तर घे. पोर्शन राहील, तो जुन्या प्रश्नपत्रिका आणि गाईड घेऊन स्वतः करावा लागेल, त्याची तयारी ठेव.

माझ्या एसवायच्या सूक्ष्मच्या (गिऱ्हाईक, भाव, बाजार यांचा पेपर) वह्या अजून घरी आहेत, आकृत्या सगळ्या आहेत, फक्त शेजारी स्पष्टीकरण कमी आहे. हवं असेल तर सांग, दिवाळीला गावी गेले की फोटो काढून पाठवते.