कंबरेच्या ऑपरेशनआधीच वेदनेची गोळी का देतात?

तुमच्या वडिलांना कंबरेच्या ऑपरेशनआधी, दुखत नसतानाही गोळी देणार आहेत, म्हणून तुम्ही विचारलंय. अशी आधीच गोळी देण्यात काही चूक नाही. चिरा पडला की तिथल्या नसा मेंदूकडे संदेशांचा भडिमार करतात आणि मज्जारज्जू हळवा होतो. मग साधा स्पर्शही झोंबतो. हा हळवेपणा वाढू नये म्हणून औषध आधी देतात.

सहसा पॅरासिटामॉल, सेलेकॉक्सिबसारखं सूज कमी करणारं औषध, आणि काही वेळा गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची औषधं, ऑपरेशनच्या तास-दोन तास आधी. शिवाय सर्जन जखमेच्या कडेला बधिरतेचं इंजेक्शन देतात. यामुळे पहिल्या 24 तासांत मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. दुखणं पूर्ण जाईल अशी आशा मात्र ठेवू नका. पहिल्यांदा कुशीवर वळून पाय खाली सोडताना कळ येतेच.

गॅबापेंटिन-प्रीगॅबालिनबद्दल मी जास्त सावध राहीन. गुंगी येते, चक्कर येते, आणि मॉर्फिनसोबत दिल्यास श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2019 मध्ये तसा इशारा दिला होता. वयस्कर माणसाला, किडनी किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्याला डोस कमी करावा लागतो, कधी टाळावाच लागतो. वडील घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. अॅसिडिटी, अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हेही सांगा. घरातली उरलेली वेदनाशामक गोळी मनाने आधी देऊ नका, कृपया.