रंग नसलेलं पान बघायचं कसं?

प्रश्न: नमस्कार सर, माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्याला लहानपणापासून कॉमिक्सचं वेड, आता तिकडे चार पैसे हातात आहेत म्हणून त्याने सत्तरच्या दशकातल्या एका सुपरहीरो कॉमिकचं ओरिजिनल पान विकत घेतलं आणि फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. यंदा गेलो होतो तेव्हा बघितलं आणि खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. रंग नाहीत, कडेला पेन्सिलीची खरडपट्टी, मध्येमध्ये पांढरे डाग, एक संवादाचा फुगा तर निघायलाच आलाय. वर दोन नावं, एक पेन्सिलर आणि एक इंकर. म्हणजे एकाने चित्र काढलं आणि दुसऱ्याने ते शाईने गिरवलं, बरोबर ना? मग गिरवणाऱ्याला आर्टिस्ट का म्हणायचं? भावाला हे विचारलं तर तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर: दोनच दिवस? नशीबवान आहात.

आधी रंगांचं सांगतो. ते पान भिंतीवर लावायला काढलेलंच नव्हतं, ते कॅमेऱ्यासाठी केलेलं आर्टवर्क होतं. मी कमर्शियल आर्ट शिकलो तेव्हा आपल्याकडेही हेच चालायचं, बोर्डावर काळ्या शाईत काम करायचं, टाइपचे ब्रोमाइड, म्हणजे अक्षरांचे फोटोप्रिंट, रबर सोल्युशनने चिकटवायचे, चुकलं तिथे पोस्टर व्हाइट फासायचा आणि पान प्रोसेसवाल्याकडे, म्हणजे फोटो काढून छपाईची प्लेट बनवणाऱ्याकडे, पाठवायचं. कॅमेऱ्याला पांढरा डाग दिसत नाही, फिकी निळी पेन्सिलही दिसत नाही, त्याला फक्त काळं दिसतं. रंग त्या बोर्डावर कधी लागलेच नाहीत, लहान केलेल्या कॉपीवर कलरिस्ट वेगळे रंग भरून द्यायचा आणि छपाईत दोन्ही एकत्र यायचं. त्यामुळे रंग नाहीत ही कमतरता समजू नका, उलट छापलेल्या अंकात रंगांखाली जे गाडलं गेलं ते इथे उघडं आहे.

साइजही बघा. साधारण 1967 पासून अमेरिकन कॉमिकचं पान 11 बाय 17 इंचाच्या बोर्डावर काढतात, चित्राचा भाग 10 बाय 15, आणि अंकात ते छापतात 6 बाय 9 च्या आसपास. त्याआधीचे बोर्ड याहून मोठे होते. म्हणजे अंकात जी रेघ केसाएवढी दिसते ती बोर्डावर चांगली जाड असते, तिला सुरुवात असते, पोट असतं, शेपूट असतं.

आता गिरवणं. गिरवणं म्हणजे आपण पाटीवर ग म भ न गिरवायचो ते, बाईंनी काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवायची, आपल्याला ठरवायचं काहीच नाही. पण पेन्सिलीत करड्याच्या शंभर छटा असतात आणि छापखान्याकडे एकच काळा असतो, मग त्या शंभर छटांचं करायचं काय हे कोण ठरवणार? इंकर. गालाखालची सावली ब्रशने भरीव काळी करायची, की बारीक रेघांची झालर सोडायची, की काहीच करायचं नाही. पुढचा माणूस जाड रेघेत आणि मागची बिल्डिंग बारीक रेघेत केली तर चित्राला खोली येते, उलटं केलं तर बिल्डिंग अंगावर येते. पेन्सिलर पुष्कळदा काळ्या भागात नुसती छोटी फुली मारून मोकळा होतो, म्हणजे बाबा रे इथे काळं भर. त्या काळ्याची कड गुळगुळीत ठेवायची की खरबरीत, हे त्या फुलीत लिहिलेलं नसतं.

मानत नसाल तर एकच पेन्सिलर धरा आणि त्याचे इंकर बदलून बघा. जॅक कर्बीसारखं उदाहरण नाही. साठच्या दशकात मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीची निम्मी दुनिया त्याच्या पेन्सिलीतून आली, दिवसाला तीन-तीन चार-चार पानं काढायचा, आणि शाई मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याची. मार्व्हलच्या फँटास्टिक फोर या कॉमिकवर 1965 मध्ये 44 व्या अंकापासून जो सिनॉट हा इंकर नियमित आला आणि अचानक लोखंड लोखंडासारखं चकाकायला लागलं, मशिनी तेलपाणी केल्यासारख्या दिसायला लागल्या, अवकाशातली ऊर्जा दाखवायला कर्बी जे काळ्या गोळ्यांचे पुंजके काढायचा ते सिनॉटच्या ब्रशखाली कसे टपोरे गोल झाले बघा. गॅलॅक्टस या ग्रह गिळणाऱ्या महाकाय पात्राची गोष्ट, 1966 चे 48 ते 50 हे अंक, त्या जोडीचीच. त्याच काळात थॉर या देवाच्या कॉमिकवर व्हिन्स कोलेटा इंकर होता. त्याचं काम टाकाच्या बारीक, ओरखडल्यासारख्या रेघांचं, जुन्या पुस्तकातल्या खोदचित्रासारखं, आणि देवांच्या गोष्टीला ते शोभायचंही. पण डेडलाइन गाठायला हा गृहस्थ मागच्या गर्दीतली माणसं खोडरबराने खोडून टाकायचा, खिडक्यांच्या रांगा उडवायचा. म्हणजे कर्बीने काढलेलं आणि आपण कधीच न बघितलेलं बरंच काही खोडरबराच्या चुऱ्यात गेलं. पुढे कर्बी डीसी या दुसऱ्या कंपनीकडे गेला, तिथे कोलेटानंतर माइक रॉयर आला, त्याचा बाणा असा की कर्बीने जे काढलंय तेच शाईत उतरवायचं, आपलं काही घुसडायचं नाही. रॉयरची पानं म्हणूनच जास्त टोकदार, रांगडी दिसतात. पेन्सिल एकाचीच, पण तीन इंकरांकडे तीन वेगळे कर्बी. मला विचाराल तर वाचायला सिनॉट आणि शिकायला रॉयर.

माझ्याकडे असं एकच पान आहे, सत्तरच्या दशकातलं, दुय्यम कॉमिकचं, एका मित्राने दिलेलं. त्यात हाणामारी नाही, उडणं नाही, कोटातला एक माणूस दार उघडतोय एवढंच. पहिले काही महिने मलाही तुमच्यासारखंच झालं. मग एका रात्री लाइट गेले होते, मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा पडला आणि कोटाच्या बाहीशी खाली दबलेली पेन्सिल दिसली. पेन्सिलरने बाहीच्या कडेला दोन रेघा मारल्या होत्या, एक आत, एक बाहेर, बहुतेक त्याचं स्वतःचंच ठरत नव्हतं. इंकरने दोन्ही सोडल्या, मधून ब्रशची एकच रेघ घेतली, खांद्याशी बारीक, कोपरापाशी ब्रश दाबलाय म्हणून जाड, आणि मनगटाशी शाई संपत आली तिथे ती तशीच सुकी, फाटकी सोडून दिली. त्या फाटक्या टोकामुळे हात हलतोय असं वाटतं. मागच्या बाजूला निब झटकून बघितल्याचे फराटे आहेत, ते तर मला पुढच्या चित्राइतकेच आवडतात.

तेव्हा पुढच्या वेळी गेलात की फ्रेम उतरवून टॉर्च तिरपा धरा आणि चेहरा सोडून कपड्यांच्या चुण्या, केस, हाताची बोटं बघा, इंकर तिथे सापडतो. पांढऱ्या डागांपाशी थांबा, तिथे कोणाचा तरी विचार बदलला होता. आणि तो निघालेला फुगा भावाला फेविकॉलने चिकटवू देऊ नका प्लीज, जुनं रबर सोल्युशन वाळलं की ते असे सुटतातच, कागदाचं काम जाणणाऱ्या माणसाकडे द्या.

प्रश्न: दादा, एका पानावर दोघांचं काम असेल तर मग पान कोणाच्या मालकीचं? आणि कर्बीला स्वतःचीच पानं मिळत नव्हती हे खरं का? — एक वाचक, पुणे

उत्तर: खरं आहे. सुरुवातीला पानांना कोणी विचारत नव्हतं, छपाई झाली की काम संपलं, पानं गोदामात नाहीतर कचऱ्यात, काही चोरीलाही गेली. सत्तरच्या दशकात मोठ्या कंपन्या पानं आर्टिस्टना परत द्यायला लागल्या, तेव्हा वाटणी व्हायची, साधारणपणे दोन वाटे पेन्सिलरला आणि एक वाटा इंकरला. म्हणजे एकाच अंकाची पानं दोन घरी. म्हणून बाजारात इंकरच्या घरून आलेली पानंही मिळतात.

कर्बीचं मात्र विचित्र झालं. बाकीच्यांना एक पानाचा कागद सही करून पानं मिळत होती, याला 1984 मध्ये चार पानी करार दिला, हक्क सोडल्याच्या अटींसकट, आणि त्या बदल्यात देऊ केली 88 पानं. त्याने मार्व्हलसाठी काढलेली पानं दहा हजारांच्या आसपास धरतात! त्याने सही केली नाही, बरीच बोंबाबोंब झाली, इतर आर्टिस्ट त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि शेवटी 1987 मध्ये सुमारे 2,000 पानं परत मिळाली. तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. ही गोष्ट माहीत असली की त्याचं कुठलंही पान बघताना समासात त्याच्या हाताने पेन्सिलीत लिहिलेल्या नोट्स आधी वाचाव्याशा वाटतात. प्रसंगात काय चाललंय हे तो तिथे लिहून द्यायचा आणि मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन ली त्यावरून संवाद लिहायचा.

प्रश्न: मी व्हर्जिनियाला असते, मुलाला कॉमिक्सची आवड आहे. विकत न घेता अशी पानं कुठे बघायला मिळतील? — एक वाचक

उत्तर: तुमच्या शेजारीच की! वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला 2008 मध्ये कोणीतरी नाव न सांगता 24 पानं देऊन टाकली, 1962 चा अमेझिंग फँटसी 15, स्पायडरमॅनचा अगदी पहिला अंक. आधी चौकशी करून, वेळ ठरवून जा. ती स्टीव्ह डिट्कोची पानं आहेत, त्यात पेन्सिल त्याचीच आणि शाईही त्याचीच, त्यामुळे मुलाला तिथे दोन हात दिसणार नाहीत, एकच माणूस स्वतःशी बोलताना दिसेल. दोन हातांचं काम दाखवायचं असेल तर एखाद्या सुट्टीत ओहायोत कोलंबसला बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम गाठा. जाण्याआधी सध्या काय मांडलंय ते बघून घ्या.

प्रश्न: आमच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ (फँटम) वाचला. त्याची ओरिजिनल पानं मुंबईत कुठे असतील का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही हो. वेताळ हा अमेरिकन पेपरातल्या पट्ट्यांचा माल, 1961 पासून साय बॅरी काढायचा, इकडे त्या पट्ट्या कापून, जुळवून अंकाची पानं बनवत. ओरिजिनल पट्ट्या तिकडेच. आपल्या हाताचं काम शोधायचं तर इंद्रजालची कव्हरं आणि 1976 पासूनचा बहादूर हा आपला देशी हिरो बघा, ते गोविंद ब्राह्मणिया यांचं.

प्रश्न: सर, बजेट पंधरा-वीस हजार आहे. ऑनलाइन एखादं ओरिजिनल पान घेऊ का? पुढे किंमत वाढेल ना? — एक वाचक, ठाणे

उत्तर: किंमत वाढावी म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. 2022 च्या जानेवारीत मार्व्हलच्या सीक्रेट वॉर्स या कॉमिकच्या 8 व्या अंकातलं एक पान 33 लाख 60 हजार डॉलरला गेलं, माइक झेकची पेन्सिल, स्पायडरमॅनचा काळा ड्रेस कुठून आला ते पान. ती बातमी वाचून बरेच जण बाजारात उतरले. तुमच्या बजेटमध्ये जे येईल ते कोणी हिरो नसलेलं, दार उघडणारं वगैरे पान, आणि ते आवडत असेल तर खुशाल घ्या.

घेताना एक विचारा, पेन्सिल आणि शाई एकाच कागदावर आहे का? हल्ली पेन्सिलर स्कॅन पाठवतो, इंकर ते आपल्या बोर्डावर फिक्या निळ्यात छापून त्यावर शाई करतो, म्हणजे एका पानाची दोन ओरिजिनल. शाईचं पान खोटं नसतं, पण त्याखाली पेन्सिल नाही हे विकणाऱ्याने सांगायला हवं. काही जण तर सगळं स्क्रीनवरच करतात, तिथे ओरिजिनल पानच नसतं.

मी स्वतः फसलोय. एका विक्रेत्याने फोटोत झकास दिसणारं पान पाठवलं, मी खूश, आठवडाभर सगळ्यांना दाखवलं. मग भिंग लावलं. मोठ्या काळ्या भागात ब्रश फिरल्याच्या खुणा हव्यात, तिरप्या उजेडात शाई कुठे चमकते कुठे मंद दिसते, रेघेच्या कडेशी कागदाचा पोत लागतो. इथे काळं सगळीकडे सारखं, सपाट, आणि कडेला बारीक ठिपके, चांगल्या प्रिंटरचे. पैसे काही परत आले नाहीत. ते प्रिंट टाकलं नाही मी, ओळखीची पोरं आली की ते आणि ते दारवाल्याचं पान शेजारी शेजारी ठेवतो, हातात भिंग देतो आणि ओरिजिनल कुठलं ते ओळखायला लावतो.