हवाई दलातला माणूस ‘जवान’ का नव्हे?

नागपुरातल्या एका सोसायटीकडून प्रश्न आला आहे. १५ ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी त्यांनी ‘हवाई दलातील जवानांचा सत्कार’ असा फलक करून घेतला. सत्कारमूर्ती दोन, एक विंग कमांडर आणि एक सार्जंट. सार्जंटसाहेबांनी फलक पाहिला आणि म्हणाले, “आम्ही जवान नाही, वायुसैनिक.” आता सोसायटीत वाद, की ही हौसेची हरकत की भाषेच्या अंगानेही खरी?

खरी आहे, आणि फलक दोनदा चुकला आहे. ‘हवाई दलातील अधिकारी व वायुसैनिक यांचा सत्कार’ असं लिहा, दोन्ही चुका निघतील.

‘जवान’ मूळचा फारसी, अर्थ तरुण. लष्करात तो एका थरासाठी वापरतात. तिथे तीन थर आहेत: अधिकारी, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि जवान. शिपायापासून हवालदारापर्यंतचे जवान. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ. लेफ्टनंटपासून वर अधिकारी. म्हणजे खुद्द लष्करातही मेजरला कुणी जवान म्हणत नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी ‘जय जवान जय किसान’ ही घोषणा दिली आणि शब्द छावणीबाहेर घरोघरी गेला. पुढे आपल्या वर्तमानपत्रांनी तो इतका सैल केला की आज अग्निशमन दलाचे जवान, होमगार्डचे जवान, एसआरपीचे जवान असं सर्रास छापून येतं. ते रूढ झालंय, त्यावर रुसण्यात अर्थ नाही. पण ज्याला हार घालायचा त्याला तो स्वतःला जे म्हणवतो तेच म्हणावं.

हवाई दलात शिपाई, नायक, हवालदार, सुभेदार यातलं एकही पद नाही. एअरक्राफ्ट्समन, लीडिंग एअरक्राफ्ट्समन, कॉर्पोरल, सार्जंट, मग ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर अशी ही चढण. गंमत बाहीवर आहे. पोलीस हवालदाराच्या बाहीवर तीन फिती, लष्करी हवालदाराच्या तीन, हवाई दलाच्या सार्जंटच्याही तीनच. फिती मोजून हाक मारणारा नागपूरकर हमखास फसतो. ‘हवालदारसाहेब’ म्हटलेलं लष्करी माणसाला चालतं. सार्जंटला ते पोलीस ठाण्यात नेऊन बसवल्यासारखं वाटतं.

यामागे कामाचा फरकही आहे. नागपूर हे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. विमानं, इंजिनं, रडार यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांचा पुरवठा हा या कमांडचा प्रांत. इथला माणूस ओळख सांगताना ट्रेड, म्हणजे कामाची शाखा, सांगतो: इंजिन, एअरफ्रेम, इलेक्ट्रिकल वगैरे. पायदळातला पलटण सांगतो, नौदलातला जहाज. प्रत्येकाचा ताठा वेगळ्या खुंटीला टांगलेला.

नावाचं म्हणाल तर हवाई दल, वायुदल, वायुसेना तिन्ही चालतात. ‘वायुसेना’ हिंदीतून आला खरा, पण ज्या शहरात वायुसेनानगर आहे तिथे त्याला परका कोण म्हणणार? माझं मत विचाराल तर दलाला ‘हवाई दल’ आणि माणसाला ‘वायुसैनिक’. ‘हवाई सैनिक’ मात्र टाळा. मराठीत हवाई म्हटलं की किल्ले आणि गप्पा आठवतात. २०२२ नंतर भरती झालेल्यांचं तर हवाई दलात अधिकृत नावच ‘अग्निवीरवायू’ आहे. लष्करात नुसतं ‘अग्निवीर’.

लष्कराकडे वळलो की शब्द आणखी बारीक होतात, आणि खरी मजा इथेच आहे. सगळ्यात खालच्या पदाला सरसकट ‘शिपाई’ लिहू नका. एक तर मराठीत शिपाई कधीच ऑफिसात चहा आणायला गेला. (हवालदार, जमादार, फौजदार हेही असेच फौजेतून पोलिसात उतरले. लष्करात १९६५ पर्यंत जमादार हे पद होतं, त्याचं नायब सुभेदार झालं.) दुसरं म्हणजे पदनाम रेजिमेंटप्रमाणे बदलतं. तोफखान्यात गनर, इंजिनिअर्समध्ये सॅपर, सिग्नल्समध्ये सिग्नलमन, रायफल रेजिमेंटमध्ये रायफलमन, रणगाड्यांच्या दलात सवार, ईएमईत (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती शाखेत) क्राफ्ट्समन. घोडदळाच्या परंपरेतल्या रेजिमेंटमध्ये हवालदाराचा दफादार होतो, सुभेदाराचा रिसालदार. मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटमध्ये मात्र शिपाईच, फौजी उच्चारात ‘सिपाही’.

आता नागपूरशेजारची छावणी, कामठी. तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. नावात ब्रिगेड असली तरी ही रेजिमेंट आहे. लष्करात ब्रिगेड म्हणजे साधारण तीन पलटणींचा लढाऊ गट, म्हणून ‘गार्ड्स ब्रिगेडचा सैनिक’ असं उलटवलं की अर्थ बिघडतो. १९४९ साली तेव्हाचे लष्करप्रमुख करिअप्पांनी चार जुन्या रेजिमेंटांच्या ज्येष्ठ पलटणी एकत्र आणून ती उभी केली, आणि जात-प्रांत न पाहता देशभरातून भरती हे तिचं वैशिष्ट्य ठरवलं. ब्रीद ‘पहला हमेशा पहला’. इथला साधा सैनिक ‘गार्ड्समन’. ‘गार्ड’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला एटीएमबाहेरच्या स्टुलावरचा माणूस दिसेल. शिवाय गार्ड्सचं चिन्ह गरुड, युद्धघोषही ‘गरुड का हूँ बोल प्यारे’. आणि हवाई दलाच्या कमांडोंचं नाव ‘गरुड’. नुसतं ‘गरुडचे सैनिक’ लिहिलं की नागपूरच्या वाचकाला कामठी समजायची की वायुसेनानगर, हे कळायला मार्ग नाही. दल स्पष्ट लिहा.

नागपुरातच सीताबर्डीच्या किल्ल्यात प्रादेशिक सेनेची पलटण असते. ती ग्रेनेडियर्स रेजिमेंटशी जोडलेली, म्हणून तिथला सैनिक ‘ग्रेनेडियर’. प्रादेशिक सेना म्हणजे नोकरीधंदा सांभाळून लष्करी सेवा करणाऱ्यांचं दल, राज्य राखीव पोलीस नव्हे, हा घोळ बातम्यांतही दिसतो.

‘पलटण’ जपून वापरा. फौजी बोलीत पलटण म्हणजे पायदळाची बटालियन, आठशेच्या आसपास माणसं. ‘प्लाटून’ म्हणजे तीसेक. दोन्ही कानाला जवळचे, पण एकाऐवजी दुसरा घातला की साडेसातशे माणसं गायब. तसंच ‘पायदळ’ म्हणजे इन्फंट्री, अख्खं भूदल नव्हे. तोफखान्यातल्या माणसाला ‘पायदळातील अधिकारी’ म्हणणं त्याला लागतं.

नौदलाचं थोडक्यात. माणूस नौसैनिक. खलाशी व्यापारी जहाजावर किंवा मासेमारी होडीवर. ‘नाविक’ हे तटरक्षक दलातलं पद आहे, आणि त्याच दलात ‘प्रधान अधिकारी’ हा नावाला अधिकारी असला तरी अधिकारीवर्गातला नसतो.

निमंत्रणपत्रिकेत सर्वांत जास्त घात ‘कॅप्टन’ करतो. लष्कराचा कॅप्टन मेजरच्या खाली, ऐन पंचविशीतलाही असतो. नौदलाचा कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा, हवाई दलात त्याच्या तोडीचा ग्रुप कॅप्टन. तुमचे विंग कमांडर म्हणजे लष्करातल्या लेफ्टनंट कर्नलच्या दर्जाचे. व्यासपीठावर खुर्च्या मांडताना हे कामी येईल.

तिन्ही दलांना मिळून एक शब्द हवा असेल तर ‘सैनिक’. सरकारी मराठीही तेच करते: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिन्ही दलांचे माजी सैनिक येतात. निवृत्तांची नावं लिहिताना ‘निवृत्त’ कंसात आणि नावानंतर टाका: आधी हुद्दा, मग नाव, मग (निवृत्त). ‘कर्नल (निवृत्त) अमुक’ किंवा ‘निवृत्त कर्नल अमुक’ नको. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही, असं लष्कराच्या मुख्यालयानेच २०१४ साली पत्र काढून कळवलं होतं.